पट्टीवर ‘ट्रेस’, कॅनमध्ये सात ग्रॅम : काणकोणच्या एका मास्तरांचं प्रकरण

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार. करमल घाटात पाऊस असा कोसळत होता की काणकोणहून सकाळी निघालेले मास्तर ओपीडी संपता संपता मडगावात आमच्याकडे पोहोचले. वय ६४, मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त. सोबत सून, आणि तिच्या हातातल्या पिशवीत दोन फायली. एक पाच महिन्यांपूर्वीच्या अँजिओप्लास्टीची, दुसरी ‘किडनीची’. मुलगा जहाजावर, त्यामुळे घरचं-दारचं सगळं सूनच बघत होती. (मास्तरांची आणि कुटुंबाची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तक्रारी तीन. तीन महिन्यांपासून कंबर आणि पाठ दुखते. महिनाभर तोंडाला चव नाही, अंगात त्राण नाही. आठ दिवसांपासून उलट्या. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात साठणारा कचरा, ४.६.

दुसऱ्या फाइलच्या पहिल्याच पानावर निदान लिहिलेलं होतं: जुनाट मूत्रपिंड विकार, कारण अज्ञात. खाली ‘डायलिसिसची तयारी ठेवावी’ असा सल्ला.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. काणकोण तालुक्यात मूत्रपिंड निकामी होण्याचं प्रमाण जास्त आहे, ही गोष्ट इथे घरोघरी माहीत आहे. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरीही माणसाची किडनी हळूहळू आटत जाते. श्रीलंकेत आणि आंध्रातल्या उद्दानम भागात दिसतो तसाच हा प्रकार आहे. काणकोणच्या भूजलातली सिलिका आणि शिसं यांवर संशोधन झालं आहे, पण एका कारणावर बोट ठेवता येईल असं उत्तर अजून हाती आलेलं नाही. या आजाराची एक खूण मात्र आम्ही सगळे पाठ केल्यासारखी वापरतो. त्यात नलिकांना इजा होते, गाळणीला नाही. म्हणून लघवीतून प्रोटीन फार जात नाही, लघवीत बुडवायची तपासणीची पट्टी ‘निल’ (काही नाही) किंवा ‘ट्रेस’ (नाममात्र) दाखवते.

मास्तरांची पट्टी तीन वेळा झाली होती. निल, ट्रेस, ट्रेस.

काणकोणचा पत्ता, मधुमेह नाही, पट्टीवर प्रोटीन नाही, क्रिएटिनिन वाढलेलं. साचा इतका चपखल बसला की त्या दुपारी माझ्या केसपेपरवर मीही तेच निदान लिहिलं. शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं होतं, पण लिहिलं तेच. ते पान अजून फाइलमध्ये आहे आणि ते मी बदललेलं नाही.

जे बसत नव्हतं

मास्तरांना वॉर्डात घेतलं. संध्याकाळी निवांतपणे फायली उलगडल्यावर तीन गोष्टी खटकल्या.

अँजिओप्लास्टीच्या फाइलमध्ये, जानेवारीतलं क्रिएटिनिन १.१ होतं. काणकोणचा तो आजार वर्षानुवर्षं पोखरतो. पाच महिन्यांत १.१ वरून ४.६ हा त्याचा वेग नव्हे.

सोनोग्राफीत दोन्ही किडन्या साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पूर्ण आकाराच्या. आटलेल्या किडन्या लहान आणि पांढुरक्या दिसतात. या तशा नव्हत्या.

तिसरी गोष्ट रक्तातली. हिमोग्लोबिन ८.१ आणि कॅल्शियम ११.३. मूत्रपिंड निकामी होतं तेव्हा कॅल्शियम बहुधा कमी होतं. इथे ते वाढलेलं होतं. पाठदुखी, रक्तक्षय, वाढलेलं कॅल्शियम आणि बिघडलेली किडनी ही चौकडी एकत्र दिसली की मायलोमा हा शब्द मनात यायलाच हवा. मायलोमा म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग.

तो मनात आला, हे खरं. पण लगेच मागेही पडला, कारण त्याचे नेहमीचे साक्षीदार गप्प होते. मायलोमात रक्तातलं एकूण प्रोटीन वाढतं, ग्लोब्युलिन (प्रोटीनचा प्रतिपिंडं असलेला भाग) वाढतं, ईएसआर (रक्तपेशी तळाशी बसण्याचा वेग) शंभरी ओलांडतो, असं आम्ही शिकलेलो. मास्तरांचं एकूण प्रोटीन ६.२, त्यात अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) ३.९, म्हणजे ग्लोब्युलिन जेमतेम २.३. ईएसआर ३८. आधीच्या डॉक्टरांनी सिरम इलेक्ट्रोफोरेसिसही, म्हणजे रक्तातली प्रोटीनं विजेने वेगवेगळी करून बघणारी तपासणी, करून ठेवलं होतं आणि त्यात ‘एम बँड (मायलोमाच्या प्रतिपिंडाचा पट्टा) आढळला नाही’ असा शेरा होता. त्यांनी शंका घेतली नाही असं म्हणता येणार नाही. ज्या दारावर त्यांनी टकटक केली, त्या दारामागे कुणी नव्हतं, इतकंच.

दर पाच-सहा मायलोमा रुग्णांतला एक असा असतो, ज्याच्या प्लाझ्मा पेशी अख्खं प्रतिपिंड बनवतच नाहीत. फक्त त्याचा हलका तुकडा, म्हणजे लाइट चेन, बनवत राहतात. अख्खं प्रतिपिंड रक्तात साठतं आणि इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्ट्यावर उंच सुळक्यासारखं दिसतं. हलका तुकडा लहान असल्यामुळे किडनीच्या गाळणीतून आरपार जातो. रक्तात तो टिकत नाही, म्हणून रक्ताच्या तपासणीत सुळका दिसत नाही आणि ईएसआरही फारसा चढत नाही. त्याचा माग काढायचा तर लघवीत काढायचा.

आणि लघवीची पट्टी तर ‘ट्रेस’ म्हणत होती.

प्रयोगशाळेतून आलेला फोन

साडेसात वाजता प्रयोगशाळेतल्या ताईंचा फोन आला. पंचवीस वर्षं नमुने हाताळलेली बाई. आवाजात थोडा संकोच होता.

“मॅडम, तुमच्या काणकोणच्या पेशंटची लघवी. पट्टी ट्रेस आहे, पण मशीन एकूण प्रोटीन ३१५ दाखवतंय. मला वाटलं मशीन चुकलं. दोनदा परत लावलं, तेच येतंय. मग सल्फो घालून बघितलं.”

“मग?”

“तुम्ही खाली येऊन बघा.”

मी खाली गेले. रॅकमध्ये दोन परीक्षानळ्या होत्या. एकीत नुसती लघवी, फिकट पिवळी, स्वच्छ. दुसरीत त्याच लघवीत सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकलेले, आणि ती दुधासारखी पांढरीफटक झालेली. तळाशी दह्यासारख्या गुठळ्या बसायला लागल्या होत्या.

हा विरोधाभास कुठून येतो, ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळं प्रकरण त्यावरच फिरतं. पट्टीवरचा प्रोटीनचा चौकोन म्हणजे एक रंगद्रव्य. अल्ब्युमिनचा रेणू त्याला चिकटला की पिवळ्याचं हिरवं होतं. पट्टी ‘प्रोटीन’ असं लिहून देते, पण तिची नजर मुख्यतः अल्ब्युमिनवरच असते. लाइट चेन तिला जवळजवळ दिसत नाही. सल्फोसॅलिसिलिक आम्लाला असा आवडता-नावडता भेद नाही. ते सरसकट सगळ्या प्रोटीनचा साका करतं. म्हणून पट्टी स्वच्छ आणि नळी पांढरी असेल, तर मधली तफावत म्हणजे अल्ब्युमिन नसलेलं प्रोटीन. एक्स-रेसाठी दिलेला डाय किंवा पेनिसिलिनसारखी काही औषधं लघवीत असली तरीही नळी पांढरी होऊ शकते. मास्तरांना अलीकडे यातलं काहीच दिलेलं नव्हतं.

ताईंनी मला न विचारता आणखी एक काम करून ठेवलं होतं. त्याच नमुन्यातलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन वेगळं मोजलं होतं. एकूण प्रोटीन ३१५, अल्ब्युमिन १२, क्रिएटिनिन ५०, सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. म्हणजे क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे ६.३ ग्रॅम प्रोटीन, आणि त्यात अल्ब्युमिन पाव ग्रॅमदेखील नाही. शंभरातले चार भाग अल्ब्युमिन, शहाण्णव भाग दुसरंच काहीतरी.

मग आम्ही दोघींनी ती जुनी परीक्षा केली, जी मी एम.बी.बी.एस.च्या प्रात्यक्षिकानंतर कधी केली नव्हती. लघवी थोडी आम्लधर्मी करून गरम पाण्यात धरली. पाण्याचा काटा पन्नाशी ओलांडून गेला तशी नळी गढुळली. पाणी उकळायला लागल्यावर गढूळपणा बराचसा विरळ झाला. नळी बाहेर काढून निवू दिली, तर पुन्हा दाटला. अंड्याचा पांढरा बलक एकदा शिजला की शिजला. तापवल्यावर साकळणारं आणि उकळल्यावर पुन्हा विरघळणारं प्रोटीन हे फार वेगळं जनावर आहे.

लंडनमध्ये १८४५ साली विल्यम मॅकिन्टायर आणि थॉमस वॉटसन या डॉक्टरांनी असंच वागणारी लघवी हेन्री बेन्स जोन्स या रसायन जाणणाऱ्या डॉक्टराकडे पाठवली होती, हे काय आहे, एवढाच प्रश्न विचारून. तो रुग्णही हाडांच्या दुखण्याने बेजार झालेला, चाळिशीतला एक व्यापारी. ते प्रोटीन म्हणजे प्रतिपिंडाची हलकी साखळी आहे हे सिद्ध व्हायला १९६२ साल उजाडलं. कॅपा आणि लॅम्डा ही दोन साखळ्यांची नावं कॉर्नगोल्ड आणि लिपारी या संशोधकांच्या आद्याक्षरांवरून आली. आज या तापवण्याच्या परीक्षेवर कुणी निदान करू नये. ती कित्येकदा चुकते आणि तिच्याहून कितीतरी चांगल्या तपासण्या आहेत. पण त्या रात्री चांगल्या तपासणीचा नमुना मुंबईला जाऊन उत्तर यायला पाच-सहा दिवस होते, आणि नळी समोर होती.

नळ्यांत काय अडकलं होतं

प्रत्येकाच्या लघवीत रोज थोडी लाइट चेन गाळली जाते आणि नलिकांचा पहिला भाग ती उचलून पचवून टाकतो. मायलोमात पूर येतो तेव्हा ही उचल पुरी पडत नाही. उरलेली साखळी पुढे वाहत जाते. तिथे, नलिकेच्या पुढच्या भागात, किडनी स्वतःच एक चिकट प्रोटीन तयार करत असते. त्याचं नाव युरोमोड्युलिन. टॅम आणि हॉर्सफॉल यांनी १९५०च्या सुमारास ते वेगळं काढलं. निरोगी माणसाच्या लघवीत सर्वांत जास्त असणारं प्रोटीन ते हेच. लाइट चेन त्याला जाऊन चिकटते आणि दोन्ही मिळून नलिकेत मेणासारखा साचा धरतात. आम्ही त्याला कास्ट म्हणतो. पावसाळ्यापूर्वी गटार उपसलं नाही की पाणी घरात शिरतं, तसं मागचं सगळं तुंबतं. आजूबाजूला सूज येते, आणि काही आठवड्यांत नलिका कायमची बुजते.

साचा धरायला काही गोष्टी मदत करतात: अंगात पाणी कमी असणं, कॅल्शियम वाढणं, दुखण्याच्या गोळ्या, लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड. मास्तरांच्या बाबतीत पहिल्या तिन्ही होत्या. दुखण्याच्या गोळ्या ते फार्मसीतून आणून महिनाभर घेत होते. आणि पाणी? सून म्हणाली, “हृदयाचं दुखणं आहे म्हणून बाबा मोजून चार पेले पितात. मे महिन्यातसुद्धा.” कुणीतरी ओपीडीत शेजारी बसलेल्या दुसऱ्याच रुग्णाला दिलेला सल्ला मास्तरांनी ऐकून स्वतःला लावून घेतला होता. त्यांच्या हृदयाची ताकद चांगली होती, पाणी तोडायचं काहीच कारण नव्हतं.

त्याच रात्री सलाइन सुरू झालं आणि दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्या. या दोन गोष्टींना कुठल्याही अहवालाची वाट पाहावी लागत नाही.

सुई घालायची की नाही

पुस्तकी उत्तर सरळ आहे: किडनीची बायोप्सी करा. सुईने दोन बारीक धागे काढायचे, सूक्ष्मदर्शकाखाली साचे बघायचे, शंका मिटली. पण मास्तरांच्या हृदयात पाच महिन्यांपूर्वीचा स्टेंट होता आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू होत्या. हृदयरोगतज्ज्ञांशी बोलले. झटक्यानंतर घातलेल्या स्टेंटला दोन्ही गोळ्या साधारण वर्षभर लागतात, आत्ता थांबवल्या तर स्टेंट बंद पडण्याचा धोका आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. न थांबवता सुई घातली तर तुंबलेल्या किडनीतून रक्तस्राव. क्रिएटिनिन वाढलेलं असलं की रक्त तसंही नीट गोठत नाही.

तेव्हा प्रश्न असा उरला: लघवीवरून पुरेशा खात्रीने सांगता येईल का, की हे साचेच आहेत?

मायलोमा किडनीला एकाच तऱ्हेने इजा करत नाही. साचे नलिका बुजवतात, तेव्हा गाळणी शाबूत असते. म्हणून लघवीत लाइट चेन भरपूर आणि अल्ब्युमिन नाममात्र. लाइट चेन गाळणीतच साठली, अमायलॉइडच्या (न विरघळणाऱ्या तंतूंच्या) रूपात किंवा नुसत्या थरासारखी, तर गाळणी फाटते आणि अल्ब्युमिन धो धो वाहतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१२ साली बायोप्सी झालेल्या रुग्णांच्या लघवीचा याच अंगाने अभ्यास केला. साच्यांच्या रुग्णांत एकूण प्रोटीनमधला अल्ब्युमिनचा वाटा साधारण ७ टक्के निघाला, अमायलॉइडच्या रुग्णांत ७० टक्क्यांच्या आसपास. एवढी मोठी दरी लघवीच्या तपासणीत क्वचितच मिळते. याला जोड रक्तातल्या मुक्त लाइट चेनच्या मोजणीची. ती लिटरमागे १५०० मिलिग्रॅमच्या वर असेल आणि लघवीत मुख्यतः लाइट चेनच असेल, तर बायोप्सीवाचून साच्यांचं निदान धरून उपचार करायला मायलोमाच्या तज्ज्ञांची हरकत नसते.

अल्ब्युमिनचा वाटा मोठा निघाला असता, तर मी इथे थांबले असते. मग पोटाच्या चरबीचा तुकडा काढून अमायलॉइड शोधावं लागलं असतं आणि कदाचित जोखीम पत्करून किडनीची बायोप्सीही. मधुमेह असलेल्या रुग्णात तर हा हिशोब आणखी गढूळ होतो, कारण तिथे अल्ब्युमिन मधुमेहामुळेही जातं. लघवी बायोप्सीची जागा सर्वत्र घेईल असं मी कुणाला सांगणार नाही. लघवीच्या गाळातल्या कास्टना कॅपा-लॅम्डाचे चमकणारे रंग लावून थेट ओळखण्याचे प्रयत्नही चालू आहेत. ते आमच्यापर्यंत पोहोचले तर आनंदच आहे. मास्तरांना मात्र आमच्या हाताशी होतं त्याच्यावरच बरं व्हायचं होतं.

चोवीस तासांची वही

इलेक्ट्रोफोरेसिससाठी चोवीस तासांची लघवी लागते. कागदावर यापेक्षा सोपी तपासणी नाही आणि वॉर्डात यापेक्षा अवघड नाही. सकाळी सहाची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये जमा करायची, दुसऱ्या दिवशी सहाची शेवटची धरायची. एक चुकली की अख्खा दिवस वाया. बुधवारचा दिवस तसाच गेला. रात्रपाळीच्या मदतनिसाने स्वच्छतेच्या नादात एक भांडं ओतून दिलं. तिला दोष देत नाही. कॅनवर नुसतं नाव होतं, ‘ओतू नये’ असं कुणी लिहिलेलंच नव्हतं.

मास्तर म्हणाले, “डॉक्टर, मला एक वही द्या.”

गुरुवारी त्यांनी वहीच्या पानावर पट्टीने रेघा मारून तक्ता केला: वेळ, मिलिलिटर, शेरा. हजेरीपटावर चाळीस वर्षं घासलेलं ते वळणदार अक्षर. ‘पहाटे ३.२०, २६० मि.लि., झोपमोड.’ ‘सकाळी ९.४५, १८० मि.लि., औषधानंतर मळमळ.’ कॅनवर सुनेने मोठ्या अक्षरांत मराठीत चिठ्ठी डकवली. शुक्रवारी सकाळी सहाला बेरीज २३०० मिलिलिटर. प्रयोगशाळेत मोजलेलीही तेवढीच.

गोळा केलेली लघवी पूर्ण आहे की नाही हे तिच्यातल्या एकूण क्रिएटिनिनवरून ताडता येतं. साठ किलोच्या मास्तरांची १.१ ग्रॅम निघाली, त्या वयाला साजेशी. डेसिलिटरला ३०० मिलिग्रॅम प्रोटीन, म्हणजे दिवसाचं ६.९ ग्रॅम. इलेक्ट्रोफोरेसिसवर अल्ब्युमिन ४ टक्के आणि बाकी जवळजवळ सगळा एकच अरुंद, उंच सुळका. इम्युनोफिक्सेशनमध्ये, म्हणजे साखळीचा प्रकार ओळखणाऱ्या तपासणीत, तो कॅपा ठरला.

मंगळवारी संध्याकाळी एका छोट्या बाटलीतल्या नमुन्यावर आलेलं प्रमाणही चारच टक्के होतं. म्हणून आता मी कुणाला चोवीस तासांच्या कॅनसाठी थांबवत नाही. संशय आला की त्याच वेळच्या नमुन्यातली दोन मापं, एकूण प्रोटीन आणि अल्ब्युमिन, शेजारी शेजारी मागवते. कॅन नंतर येतोच. पुढे उपचाराचा परिणाम मोजायला तो लागतोच.

उपचार

बुधवारी सकाळीच रक्तविकारतज्ज्ञांनी अस्थिमज्जा तपासली. स्टेरॉइड सुरू होण्याआधी ती व्हायला हवी होती, नाहीतर चित्र पुसट होतं. कमरेच्या हाडावर दाब धरून रक्त थांबवता येतं, त्यामुळे गोळ्या चालू असूनही ही सुई चालते. स्लाइडवर चाळीस टक्क्यांहून जास्त प्लाझ्मा पेशी होत्या. सीटी स्कॅनमध्ये कवटीत, बरगड्यांत भोकं, पाठीचा बारावा मणका चेपलेला. तीन महिन्यांची ‘कंबर’ ती हीच. बुधवारी दुपारी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड गेलं, शनिवारी बोर्टेझोमिब या मायलोमावरच्या औषधाचं पहिलं इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली. किडनी कितीही बिघडलेली असली तरी बोर्टेझोमिबची मात्रा त्यासाठी कमी करावी लागत नाही, हा या औषधाचा मोठा आधार. जोडीला सायक्लोफॉस्फामाइड हे केमोथेरपीचं औषध, आणि नागीण उठू नये म्हणून असिक्लोव्हिर. हाडांसाठी नेहमी दिलं जाणारं झोलेड्रॉनिक आम्ल या किडनीला झेपणारं नव्हतं. कॅल्शियम पाण्याने आणि स्टेरॉइडने उतरलं.

सोमवारी मुंबईहून अहवाल आला. मुक्त कॅपा लिटरला ६,२४० मिलिग्रॅम, लॅम्डा ८. गुणोत्तर ७८०. निरोगी माणसात ते ०.२६ ते १.६५ असतं, किडनी बिघडलेली असेल तर फार तर तीनपर्यंत. अहवाल येईपर्यंत उपचाराचा सहावा दिवस सुरू झाला होता. हे सहा दिवस त्या पांढऱ्या नळीने दिले. साचे ताजे असतात तेव्हा मोकळे होऊ शकतात. जुने झाले की त्याभोवती व्रण बनतो आणि मग कॅपा शून्यावर आणला तरी किडनी परत येत नाही. म्हणून या दिवसांचा हिशोब मी इतका घट्ट धरून बसले आहे.

क्रिएटिनिन ५.४ पर्यंत चढलं आणि तिथे थबकलं. मुलाशी जहाजावर व्हॉट्सॲपवर बोलून डायलिसिसची संमती घेऊन ठेवली होती, पण लघवी चांगली होत राहिली आणि ती वेळ आली नाही.

२१ दिवसांत लाइट चेन ६० टक्के उतरली तर बहुतेकांची किडनी सावरते, असं एका अभ्यासातून दिसलं आहे. तेव्हापासून आम्ही सगळे विसाव्या दिवशी श्वास रोखून बसतो. मास्तरांची एकविसाव्या दिवशी १,५६०, म्हणजे ७५ टक्के उतार. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन २.३, सहा महिन्यांनी १.८. जानेवारीतलं १.१ परत आलेलं नाही, येईल असं वाटत नाही. मायलोमा आटोक्यात आहे, गेलेला नाही, हेही मास्तरांना माहीत आहे. बोर्टेझोमिबने तळपाय बधिर झाले. चप्पल पायातून निसटली तरी चालत राहतात, सून मागून हाक मारते. मात्रा कमी केली, बधिरपणा थोडा कमी झाला.

मधल्या काळात मी आणि ताईंनी आणखी एक काम केलं. काणकोणचे जे रुग्ण माझ्याकडे ‘कारण अज्ञात’ या नावाखाली येत होते, त्यांच्या नेहमीच्या तपासणीत एकूण प्रोटीन आणि अल्ब्युमिन दोन्ही मोजायला घेतलं. आजवर कुणात अशी तफावत मिळालेली नाही. त्यांचा आजार तोच आहे जो फाइलवर लिहिलाय, आणि त्याचं कारण शोधायचं बाकीच आहे.

डिसेंबरमध्ये मास्तर तपासणीला आले तेव्हा वही सोबत होती. आता तिच्यात एक नवा रकाना होता: अल्ब्युमिनचा वाटा. जूनमध्ये ४ टक्के, आत्ता ३८. त्यांच्या कपाळावर आठी.

“डॉक्टर, हा आकडा तर वाढत चाललाय.”

मी म्हटलं, “मास्तर, शेजारचं एकूण प्रोटीन बघा.”

जूनमध्ये ६,९०० मिलिग्रॅम, आत्ता ४१०. त्यांनी खिशातलं पेन काढलं, समासात गुणाकार केले. ६,९०० चे चार टक्के २७६. ४१० चे अडतीस टक्के १५६. पेन टेबलावर ठेवलं, सुनेकडे वळले आणि वर्गात शिकवत असावेत तसं म्हणाले, “बघ, अंश वाढला नाही गं. छेद लहान झाला.”